‘मी मेलो’ या वाक्याचा कर्ता

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीला घेऊन कोल्हापुरातल्या एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता मुलं आणि मोबाइल. सभागृह गच्च भरलेलं, पुढच्या रांगांत सगळे आई-बाप. वक्ते अभ्यासू होते आणि तळमळीनं बोलत होते. झोप, डोळे, अभ्यास, पैसा यांविषयी त्यांनी जे सांगितलं ते बहुतेक सगळं मला मान्य आहे. शेवटच्या दहा मिनिटांत ते अवताराकडे वळले. गेममध्ये खेळणाऱ्याचं जे रूप पडद्यावर धावतं, पडतं, मरतं, त्याला अवतार म्हणतात. वक्ते म्हणाले, एका चित्राला ही पोरं ‘मी’ म्हणतात, हा भ्रम आहे. ही थेरं परदेशातून आली आहेत, आपल्या मातीत त्यांना थारा नाही. आणि उपाय सोपा आहे : घरी जा, तो अवतार पुसून टाका, पोरगा चार दिवस रडेल आणि पाचव्या दिवशी माणसांत येईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या बहिणीनंही टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री तिच्या घरी जे झालं ते पुढे सांगतो. तिच्यासारखे दोन-तीनशे आई-बाप तोच उपाय घेऊन घरोघर गेले, म्हणून हा लेख लिहितो आहे. वक्त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण उपाय चुकीचा आहे, कारण निदान चुकीचं आहे.

ज्या ‘मी’ला त्यांनी भ्रम म्हटलं तिथूनच सुरुवात करू. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर मोबाइल आडवे धरून बसलेली चार पोरं दिसली तर जवळ उभं राहून त्यांचं बोलणं ऐका. ‘मला नॉक केलं.’ ‘मला उचल की.’ ‘थांब, मी डोंगरावरनं येतोय.’ ‘मेलो मी.’ ‘माझा बाहुला मेला’ असं एकही पोरगं म्हणत नाही. बुद्धिबळ खेळताना हीच पोरं ‘माझा घोडा गेला’ म्हणतात, ‘मी गेलो’ म्हणत नाहीत. पत्त्यांत ‘माझा एक्का कापला’ म्हणतात. म्हणजे कुठलं प्यादं ‘माझं’ आणि कुठलं रूप ‘मी’ हा भेद त्यांना नीट कळतो आणि तो ती आपापल्या वाक्यांत रोज पाळतात. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय हा खेळ भारतात आला तेव्हा कंपनीनं ‘किल’ हा शब्द काढून तिथं ‘फिनिश’ घातला आणि रक्ताचा रंग हिरवा केला. मरण दिसू नये, ऐकू येऊ नये असा तो प्रयत्न होता. पोरांचं वाक्य त्यानं बदललं नाही. ती ‘मी मेलो’च म्हणत राहिली.

हा भ्रम असेल तर आपण सगळेच भ्रमिष्ट आहोत. गंगावेशीतून गाडी चालवणारा माणूस घरी येऊन सांगतो, ‘एका टेम्पोनं मला घासलं.’ ओरखडा गाडीच्या दाराला असतो, त्याच्या कातडीला काही झालेलं नसतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना सुटला की गल्लीत परतणारा पन्नाशीचा माणूस ‘आम्ही दोन गोलनं जिंकलो’ म्हणतो. त्यानं चेंडूला पाय लावून तीस वर्षं झालेली असतात. त्याच्या त्या ‘आम्ही’वर कोल्हापूरचा अख्खा फुटबॉल उभा आहे. सामना हरल्यावर त्याला जेवण जात नाही, आणि त्याला कुणी डॉक्टरांकडे नेत नाही. ‘मी’ हा शब्द मराठीत कातडीपाशी कधीच थांबलेला नाही. घर, गाडी, गल्ली, तालीम, सगळीकडे तो पसरतो.

मानसशास्त्राचीही याला साक्ष आहे. १९९८ मध्ये बॉट्विनिक आणि कोहेन या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, डोळ्यांसमोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत कुंचला फिरवायचा. थोड्याच वेळात माणसाला स्पर्श रबरी हातात जाणवू लागतो. तो हात आपला नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तरीही जाणवतो. मेंदू ‘हे माझं’ असं ठरवतो ते डोळ्यांचा आणि स्पर्शाचा मेळ बसतो त्यावरून. बोट हलवलं की त्याच क्षणी पडद्यावरचा माणूस वळतो, तिथंही मेळच असतो, फक्त स्पर्शाच्या जागी हालचाल. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवलं, की उंच अवतार मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत जास्त ठामपणे भांडतात. घेतलेलं रूप घेणाऱ्यालाही थोडं वळवतं.

वक्ते म्हणतील, हेच तर भ्रमाचं लक्षण. नाही. भ्रमात असलेल्याला आपण भ्रमात आहोत हे ठाऊक नसतं. माझ्या भाच्याचा एक मित्र बाईचा अवतार घेऊन खेळतो. वेणी आहे, लाल जाकीट आहे. ती पडली की तो ‘मी मेलो’ म्हणतो, ‘मी मेले’ म्हणत नाही. (कोल्हापुरात हा दाखला जरा जपून द्यावा लागतो. आमच्याकडे बायकाही सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि पुण्याकडचे पाहुणे चमकतात.) तो मुलगा रूप बाईचं घेतो आणि क्रियापद स्वतःचं ठेवतो. आपण कोण आहोत हे त्याला एका क्षणासाठीही विसरायला झालेलं नाही. इथं आपलेपण आहे, विसर नाही. वक्त्यांनी या दोन गोष्टी एक केल्या आणि पुढचं सगळं त्या चुकीवर रचलं.

आता ‘आपल्या मातीत थारा नाही’ याविषयी. आपल्या म्हणजे कुठल्या मातीत? कोल्हापूरच्या?

शब्दच बघा. अवतार म्हणजे खाली उतरणं. तो आपल्याकडून गेला. १९८५ मध्ये ‘अल्टिमा’ या खेळाच्या चौथ्या भागानं तो घेतला, पुढच्याच वर्षी लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या जाळ्यावरच्या जगात खेळणाऱ्याच्या रूपासाठी तो वापरला गेला, १९९२ मध्ये नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीनं तो जगभर पोहोचवला. मराठी घरात मात्र तो कधीच फक्त देवांपुरता नव्हता. चिखलात लोळून आलेल्या पोराला आई दारातच विचारते, ‘हा काय अवतार करून घेतलायस?’ ते पोर आणि त्याचा अवतार या दोन गोष्टी आहेत, आणि तरी अवतार त्या पोराचाच आहे, हे ती त्या एका प्रश्नात धरते.

याच गावात नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात. मूर्ती एक, रूप रोज नवं, आणि रांगेतली बाई आजच्या रूपाशी बोलते तेव्हा ती अंबाबाईशीच बोलते. याच गावात, १९१७ साली, बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिच्या ‘सैरंध्री’त भीमानं केलेला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. आणि याच गावात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर आहे, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं.

त्या रंगभूमीला नट आणि त्यानं घेतलेलं रूप यांच्या नात्यासाठी नेमका शब्द होता : परकायाप्रवेश. केशवराव पोरवयात स्त्रीभूमिका करून नावारूपाला आले. त्यांचे समकालीन नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांची लुगडी आणि केशरचना बघून घरंदाज बायका तशी वेशभूषा करू लागल्या. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असं सगळ्यांचं मत होतं. ते भामिनी म्हणून उभे राहिले. घरात मूल गेलेला बाप आणि रंगमंचावरची भामिनी, एकाच शरीरात. आपण ती आठवण शंभर वर्षं आदरानं सांगतो. त्या रात्री नारायणराव भ्रमात होते असं म्हणायची कुणाची छाती नाही. लुगडं-दागिने म्हणजे नुसतं कापड आणि खोटे मोती होते, ते पेटवून द्यायला हवे होते, असंही कुणी म्हणत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी खासबागेच्या बाजूनं तिथं पोहोचलो तेव्हा छप्पर कोसळत होतं आणि रस्त्यावर माणसं रडत होती. रिक्षावाले, कॉलेजची पोरं, एकांकिका करणारे, आयुष्यात कधी रंगमंचावर न चढलेले. लाकूड, पत्रे, खुर्च्या यांसाठी कोण रडतं? ती माणसं तिथं घेतल्या गेलेल्या रूपांसाठी रडत होती. आणि सगळ्यांच्या तोंडी मागणी एकच होती : जसंच्या तसं उभं करा. नवं चकचकीत सभागृह नको, तेच हवं. त्या मागणीला सगळ्या महाराष्ट्रानं मान दिला. त्याच गावातलं एक पोरगं आपलं रूप पुसू नका म्हणतं तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता त्या रात्रीचं सांगतो.

माझा भाचा, म्हणजे याच बहिणीचा मुलगा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. बावीस वर्षांचा, अंगानं किडकिडीत. लहानपणापासून दमा. त्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, लहानथोर सगळे ‘वस्ताद’ म्हणायचे. २०१८ मध्ये हृदयविकारानं ते गेले. भाचा पंधरा वर्षांचा होता. त्यानंही लाल मातीत उतरून बघितलं होतं, वडिलांनीच उतरवलं होतं, पण दोन डावांत श्वास कोंडायचा. ‘पोरांना तालमीत पाठवा’ असं वक्ते म्हणाले तेव्हा मला तोच आठवला. त्याला कुणी पाठवायची गरज नव्हती. त्याला तिथं राहता आलं नाही.

वडील गेल्यावर वर्षभरानं त्यानं मित्राच्या जुन्या मोबाइलवर पबजी हा खेळ घेतला. तिथं नाव विचारतात. त्यानं लिहिलं ‘वस्ताद’, आणि पुढे वडिलांच्या जन्मसालाचे आकडे. अवतार निवडला तो रुंद खांद्यांचा, बारीक केसांचा. खेळता खेळता तिघे साथीदार मिळाले : एक इचलकरंजीचा, एक गडहिंग्लजचा, एक सीमेपलीकडच्या निपाणीचा. निपाणीच्या पोराला तर त्यानं तेव्हा बघितलेलंही नव्हतं. रोज रात्री तिघांच्या आवाजात घरात हाक यायची, ‘वस्ताद, ये की.’ ज्या घरात ती हाक वर्षभर बंद होती त्या घरात.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं पबजीवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला सेवा पूर्ण थांबली. त्या काळात मी बहिणीकडेच होतो. शेवटच्या रात्री ती चौघं खेळली नाहीत. चौघांचे अवतार खेळ सुरू होण्याआधीच्या जागेत एका ओळीत उभे होते आणि हे चौघे माइकवर कांद्याच्या भावाविषयी, कुणाच्या बहिणीच्या लग्नाविषयी बोलत होते. मग भाच्यानं त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढला. सतरा वर्षांचा मुलगा, डोळे कोरडे, आणि अंगठा मात्र मोबाइलच्या कडेवरून सारखा फिरत होता, जसा बाप मुलाच्या पाठीवरून हात फिरवतो तसा. पुढच्या वर्षी पबजीच्या जागी बीजीएमआय आला आणि जुनं काही तिकडे नेता आलं, तेव्हा त्यानं पहिल्याच दिवशी तेच नाव घेतलं. त्याच महिन्यात पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शाहूपुरीत कुंभार गल्लीकडे पाणी चढलं. रात्री दोन वाजता पहिला आवाजी निरोप आला तो निपाणीहून : ‘वस्ताद, आईला घेऊन वर गेलास काय?’ वक्ते ज्याला माणसांतून उठणं म्हणतात ते हे आहे.

व्याख्यान ऐकून आल्यावर बहिणीनं मोबाइल मागितला. म्हणाली, पूस ते, नाहीतर विकून टाक. विकण्याची सोय होती. अशा आयडींचा, म्हणजे खेळातल्या खात्यांचा, चोरीछुपा बाजार चालतो आणि कुणीतरी त्याला साडेचार हजार देऊ केले होते. भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आई, तू पप्पांची मुदगलं टाकलीस काय?’

दाराच्या मागे मेणकापडात गुंडाळलेली व्यायामाच्या मुदगलांची जोडी आहे. सात-आठ वर्षं ती कुणी फिरवलेली नाही. दर दसऱ्याला बहीण ती बाहेर काढते, तेलाचं बोट लावते, हळद-कुंकू वाहते आणि परत गुंडाळून ठेवते. लाकूड म्हणून त्यांची किंमत चारशे रुपयेही येणार नाही. बहीण काही बोलली नाही. उठून आत गेली.

वक्त्यांना मी एवढंच विचारतो : त्या मुदगलांत काय आहे जे त्या आयडीत नाही? रक्तमांस दोन्हींत नाही. घातलेले तास दोन्हींत आहेत, नाव दोन्हींत आहे, गेलेला माणूस दोन्हींत आहे. उलट त्या आयडीला कुणीतरी रोज हाक मारतं.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे, कारण २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला. ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजारानं त्याचं शरीर वर्षागणिक बंद पडत गेलं आणि २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. आई-वडील त्याच्या तासन्तास खेळण्याकडे बघून झुरत होते, याला ना मैत्री मिळाली, ना प्रेम, ना कुणाच्या उपयोगी पडणं. त्यांनी त्याच्या मृत्यूची बातमी नेटवर कळवली आणि अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात तो इबेलिन नावानं वावरत होता. इबेलिननं कुणाला नैराश्यातून धीर दिला होता, कुणा आईला आपल्या मुलाशी बोलायची वाट काढून दिली होती. त्या खेळातली माणसं इतर देशांतून विमानानं त्याच्या अंत्यविधीला आली. ज्याच्या हाताची फक्त बोटं हलत होती त्याला त्या अवतारानं पाय, हात, खांदे आणि शेजारी दिले. ‘चार दिवस रडेल’ हा उपाय त्या घरी केला असता तर काय पुसलं गेलं असतं?

आणि वक्त्यांच्या मताला आणखी एक बाजू आहे, जी त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. अवतार म्हणजे नुसतं चित्र, असं एकदा म्हटलं की त्या चित्राला होणारी इजाही नुसती चित्राची ठरते. १९९३ मध्ये लॅम्डामू नावाच्या, केवळ मजकुरानं बनलेल्या जगात एकानं इतरांच्या पात्रांवर ताबा मिळवला आणि त्यांच्याकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध बीभत्स कृत्यं करवली. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं ते प्रकरण लिहिलं. ज्यांच्या पात्रांवर हे झालं त्यांतली एक बाई त्याविषयी लिहिताना रडली होती, असं तिनं त्याला सांगितलं. तिथं चित्रसुद्धा नव्हतं, नुसती वाक्यं होती. २०२१ च्या शेवटी मेटाच्या आभासी जगात बायकांच्या अवतारांशी अंगलगट केल्याच्या तक्रारी आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीला अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी सीमा घालावी लागली. उद्या आपल्यापैकी कुणाची मुलगी घाबरून येऊन म्हणेल, ‘तिथं मला धरलं.’ तेव्हा हे आई-बाप, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, तिला काय सांगणार? तुला नाही, चित्राला धरलं?

न्यायालयांनीही हा प्रश्न झटकून टाकलेला नाही. नेदरलँड्समध्ये दोन मुलांनी तेरा वर्षांच्या एकाला मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून रूनस्केप या खेळातला एक ताईत आणि एक मुखवटा त्याच्या अवताराकडून स्वतःकडे घेतला. बचाव असा होता, की ही वस्तूच नाही, मग चोरी कसली? ३१ जानेवारी २०१२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही चोरीच आहे असा निर्णय दिला. त्या मुलानं त्यासाठी वेळ आणि कष्ट घातले होते, ती गोष्ट त्याच्या ताब्यात होती आणि त्याच्यासाठी तिचं मोल होतं.

मला लबाडी करायची नाही, म्हणून विरुद्ध बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत घेतलं आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. अवताराशी जवळीक फार असलेल्यांत खेळणं हाताबाहेर जाण्याचा संभव जास्त असतो, असं दाखवणारे अभ्यासही आहेत. पण त्या विकाराची लक्षणं नीट वाचा. स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे दीर्घकाळ चालणं. ‘अवताराला मी म्हणणं’ हे त्यात नाही. दारू सुटत नाही तो आजार आहे, मित्रांसोबत बसावंसं वाटणं हा आजार नाही. आणि ज्या मुलाचं खेळणं खरोखर हाताबाहेर गेलं आहे त्याचा अवतार आई-बापांनी एका रात्रीत पुसला, तर त्याला थांबवणारा एकुलता एक दोरही तुटतो. त्या रूपात त्यानं काय ठेवलं आहे हे विचारल्याशिवाय त्याला बाहेर काढणार कसं? भाच्याला जर कधी खेळ कमी करायचा असेल तर त्याला वडिलांविषयी बोलू द्यावं लागेल. त्याची सुरुवात मोबाइल फोडून होत नाही.

खरा राग ज्यांच्यावर काढायला हवा ते वक्त्यांच्या भाषणातून सहीसलामत सुटले. या जिव्हाळ्यावर धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. अवतार फुकट देतात आणि त्याचे कपडे विकतात. ते कपडे सरळ विकत नाहीत, बंद पेटीत घालून विकतात, आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्या गल्लीतलं पोरगं तीनशे रुपयांचं रिचार्ज सोडून त्या पेट्या उघडतं तेव्हा ते मूर्ख नसतं, आपल्या माणसाला दिवाळीचे कपडे घेणाऱ्या बापासारखं ते वागत असतं, आणि त्याच्या त्या मायेवर कुणीतरी हिशोब मांडून बसलेलं असतं. वर अटींत लिहिलेलं असतं, की घेतलेलं काहीही तुमचं नाही, फक्त वापरायची परवानगी आहे, ती कधीही काढून घेता येईल. जिव्हाळा खोटा असता तर त्यावर एवढा धंदा उभा राहिला असता का? ‘भ्रम आहे’ असं म्हणून आपण त्या कंपन्यांचंच काम सोपं करतो. भ्रमाची भरपाई कुणी मागत नाही.

मला विचाराल तर मागण्या स्पष्ट आहेत. बंद पेट्या मुलांना विकणं थांबवा. खेळ बंद करायचा असेल तर आधी पुरेशी मुदत द्या. खेळणाऱ्याला त्याचं नाव, त्याचं रूप, त्याचं जमवलेलं सगळं स्वतःकडे उतरवून घेता आलं पाहिजे. खेळणारा मेला तर ते त्याच्या घरच्यांना मिळालं पाहिजे. २०२० मध्ये सरकारनं सुरक्षेच्या कारणानं बंदी घातली, त्या निर्णयाविरुद्ध मी इथं बोलत नाही. पण त्या दिवशी या देशातल्या कोट्यवधी खेळणाऱ्यांचं काहीतरी गेलं, आणि ते काय गेलं याची कुठं नोंदही झाली नाही. वृत्तपत्रांनी पालकांच्या सुटकेच्या निःश्वासाच्या बातम्या केल्या. भाच्यासारख्यांना कुणी विचारलं नाही. वक्ते पुन्हा कधी याच विषयावर बोलतील तेव्हा त्यांनी हे प्रश्न घेऊन उभं राहावं, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

बहीण त्या रात्री आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आयडी पुसला गेला नाही, विकलाही गेला नाही. त्यावर नंतर घरात बोलणंही झालं नाही.

परवाच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला होतो. भाचा खेळत होता, तेवढ्यात गॅसवाला आला म्हणून तो मोबाइल टेबलावर ठेवून खाली पळाला. पडद्यावर रुंद खांद्यांचा माणूस एका भिंतीआड वाकून बसलेला. मोबाइलमधून निपाणीचा आवाज आला, ‘वस्ताद? ओ वस्ताद! कुठं हाईस?’ बहीण भाकरी थापत होती. दोनदा हाक आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं पिठाचे हात परातीच्या कडेला पुसले, टेबलाशी गेली आणि मोबाइलवर वाकून म्हणाली, ‘आलो, आलो. जरा दम धर.’